डाव्या बाजूचा हात

१

पेणजवळ गडब गावाला हायवेच्या कडेला, पंक्चरवाला आणि वडापावची गाडी यांच्या मधोमध सुरभीचं गॅरेज होतं. पाटी पेणच्या किमयाने रंगवून दिली होती. किमया मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते, त्यामुळे पाटीवरची अक्षरंसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतात असं वाटे. ‘आधी निदान, मग दुरुस्ती.’ एवढंच मोठ्या अक्षरांत. गॅरेजचं नाव खाली, बारीक.

हे वाक्य सुरभीने जर्मनीहून आणलं असं लोक म्हणत. खरं तर ते तिला इथल्याच रस्त्यावर, रागाच्या भरात सुचलं होतं. शिकून, तिकडे नोकरीही करून ती परत आली तेव्हा तिने पाहिलं, की पेणपासून रोह्यापर्यंत गाडी बिघडली की मिस्त्री एकच मंत्र म्हणतो : टाकून बघू. पंप टाकून बघू, मोटर टाकून बघू. चांगला भाग भंगारात जातो आणि बिघाड गाडीतच राहतो. आपण असं करायचं नाही, तिने ठरवलं. गाडीला काय झालंय ते आधी कळलं पाहिजे, आणि कळलं तेच तोंडाने सांगितलं पाहिजे.

“सांगशील गो सगळं खरं खरं,” दाजीकाका तंबाखू मळत म्हणायचा. तो तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. शेतावर वालाला पाणी द्यायला जाण्याआधी गॅरेजच्या बाकावर बसून टीका करायची, हा त्याचा रोजचा रतीब. “डाक्टरपन पेशंटला सगळं खरं सांगत नाय. तू कोन लागून गेलीस?”

“माझे पेशंट रडत नाहीत, काका.”

“त्यांचे मालक रडतात की.”

त्या मंगळवारी सकाळी हायवेवरून एक पांढरी छोटी गाडी बिचकत बिचकत आत वळली. वळली म्हणण्यापेक्षा तिने वळण ओढून घेतलं. अर्ध्यात थांबली, पुन्हा थोडी सरकली, पुन्हा थांबली. काचेमागे चालवणारी बाई दात-ओठ खात स्टेअरिंगशी झटत होती. शेवटी पुढचं चाक फळीवर चढवून तिने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची ओढणी सारखी करत ती उतरली.

“तूच ना ती मिस्त्रीन? मी रोह्याकडची, अष्टमी गावची सुगरा. स्टेरिंग जड झालंय गो. माज्या एकटीच्यानं वळत नाय.”

२

पॉवर स्टेअरिंग जड होण्याची कारणं सुरभीला तोंडपाठ होती. अशा छोट्या गाडीत तेल नसतं, पंप नसतो. स्टेअरिंगच्या दांड्याला एक सेन्सर असतो आणि एक मोटर. माणसाचा हात दांड्याला किती पीळ देतो ते सेन्सर मोजतो, आणि त्या हिशेबाने मोटर जोर लावते. हाताने मागावं आणि मोटरने द्यावं, असा साधा व्यवहार. तो बिघडतो बहुतेक वेळा बॅटरीमुळे.

“गाडी रोज चालवता, भाभी?”

“आता चालवते. आधी जुम्म्याची फक्त चालू करायची.”

सुरभीला हे ठाऊक होतं. अष्टमीत आखातवाल्यांच्या कितीतरी दारांत अशा गाड्या कापड पांघरून उभ्या असतात. मालक रजेवर येतो तेव्हा त्या धावतात, एरवी शुक्रवारची नमाज सुटली की घरातलं कोणीतरी किल्ली फिरवतं. गल्लीतून एकेक इंजिन घरघरतं, थोड्या वेळाने गप्प होतं. बॅटरी जिवंत ठेवायची एवढ्यासाठीच.

“मग बॅटरीच असेल,” सुरभी म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. असेल म्हणजे काय? ‘टाकून बघू’चाच हा भाऊ.

तिने मोजलं. बॅटरी ठणठणीत होती. अर्थिंगची पट्टी स्वच्छ, फ्यूज शाबूत. टायरची हवा बरोबर. गाडी जॅकवर घेऊन तिने चाकं हाताने फिरवून पाहिली, लोण्यासारखी फिरली. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा पिवळा दिवा नव्हता, स्कॅनर लावला तर एकही कोड नोंदलेला नव्हता. मग तिने स्वतः गाडी आवारात फिरवली. डावीकडे, उजवीकडे, उलट. एका बोटाने वळावी इतकी हलकी.

“भाभी, काहीच नाही हो हिला.”

सुगरा आश्चर्याने बघेल असं तिला वाटलं होतं. सुगरा नुसती खाली बघत होती.

“मी बसते तवा बघ,” ती म्हणाली.

३

निडीच्या स्टेशनापर्यंत जाऊन यायचं ठरलं. सुगरा चालवायला, सुरभी शेजारी. सुरभीच्या लक्षात आलं ते नागोठणं मागे पडल्यावर. सुगरा गाडी एका हाताने चालवत होती. उजवा हात स्टेअरिंगच्या उजव्या कडेला घट्ट, आणि डावा मांडीवर. स्टेअरिंगची डावी बाजू मोकळी.

“दोन्ही हातांनी धरा ना.”

“तशी सवय नाय. डाव्या बाजूला ह्यांचा हात असायचा.”

अहमदने, तिच्या नवऱ्याने, मागच्या रजेत तिला गाडी शिकवली होती. तो सुरभी आत्ता बसली होती त्याच जागी बसायचा, आणि आपला उजवा हात स्टेअरिंगच्या डाव्या कडेवर, घड्याळात नऊ वाजतात तिथे, नुसता टेकवून ठेवायचा. सुगराची गाडी उजवीकडे झुकायची, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या अंगावर. झुकली की तो हात हलकेच खाली ओढायचा. बोलायचा नाही.

“मी म्हनायची, शिकवताय की धरून ठेवताय? तर म्हनायचे, तू शिकलीस की सोडेन.” सुगरा हसली. “शिकायच्या आत रजा सपली.”

तेवढ्यात निडीच्या अलीकडचं वळण आलं. वळण उजवीकडचं. सुगराने हात ओढला आणि तिच्या दंडाच्या शिरा ताठ झाल्या. स्टेअरिंग हललं, पण एखादं जुनं गंजकं दार हलावं तसं. सुरभीने नकळत हात पुढे केला आणि मोकळ्या डाव्या बाजूला धरला.

ती जागा गार होती. काचेतून सगळं ऊन त्याच बाजूला पडत होतं, काळं कव्हर तापायला हवं होतं. ते गार होतं, आणि किंचित ओलसर. आणि तिच्या तळव्याखाली, अगदी स्पष्ट, एक ओढ होती. खाली, डावीकडे. जोराची नाही. घाईचीही नाही. समजूत काढल्यासारखी.

तिने हात काढून घेतला.

“लागला ना?” सुगराने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“टायरचा ओढा असतो कधीकधी,” सुरभी म्हणाली. हवा तिने स्वतःच मोजली होती.

४

परत आल्यावर सुरभीने शटर अर्धं खाली ओढलं. दाजीकाका शेतावर गेला होता. तिने स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनरचा खडा लावला, आगपेटीएवढा. तो विनातार टॅबलेटवर सगळं दाखवायचा : इंजिनचे फेरे, वेग, स्टेअरिंग किती फिरलं, आणि दांड्याला हाताचा पीळ किती.

“भाभी, इंजिन चालू करा. आता दोन्ही हात मांडीवर. कशालाही शिवू नका.”

सुगराने हात मांडीवर घेतले, नमाजाला बसल्यासारखे.

स्टेअरिंगला कोणी हात लावलेला नसताना पिळाची रेघ शून्यावर सपाट असते. सुरभी एकटी बसली होती तेव्हा ती तशीच होती. आता ती शून्याच्या थोडी खाली होती. म्हणजे पीळ डावीकडे. आणि सपाट नव्हती. यंत्राचा दोष सरळ रेघेसारखा असतो. ही रेघ किंचित वर-खाली होत होती, माणसाचा हात श्वासाबरोबर होतो तशी.

सेन्सर खोटं बोलतोय, सुरभीने स्वतःला सांगितलं. पण या गाड्यांत सेन्सर एक नसतो, जोडीने असतात. एक चुकला तर दुसऱ्याशी त्याचं जुळत नाही, आणि मग पिवळा दिवा लागतो. तिने दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दोघांचं एकमत होतं. दोघं म्हणत होते : कोणीतरी धरलंय.

आणि मग जड होण्याचं कोडंही सुटलं. तिला नको असताना सुटलं. सेन्सरला हात दिसत नाहीत, हातांची वजाबाकी दिसते. एक हात उजवीकडे ओढत असेल आणि दुसरा तेवढाच डावीकडे, तर त्याच्या लेखी कोणी काही मागतच नाही. मोटर गप्प बसते. गाडीत बिघाड काहीच नव्हता. गाडी जे व्हायला हवं तेच करत होती.

ती टॅबलेट धरून उभी राहिली. बाहेर एक डंपर हॉर्न देत गेला. पत्र्याचं शटर थरथरलं, तिच्या टेबलावरचे पाने थरथरले. ती रेघ हलली नाही. ती आपल्या लयीत श्वास घेत राहिली.

“काय दिसतंय?” सुगराने विचारलं.

“बघत्येय,” सुरभी म्हणाली.

५

सुगरा गाडीतून उतरली नाही. उघड्या दारातून पाय बाहेर सोडून बसली आणि पहिल्यांदाच सरळ सुरभीकडे बघत बोलली.

“अहमद टगबोटीवर हायत, तुला म्हाईत नसेल. तेलाच्या जहाजांना ओढतात ना, त्या बोटी. गेल्या पावसाळ्यापासून बोटीची खबर नाय. कंपनी म्हनते शोध चालू हाय. एजंट फोन उचलत नाय. आता हाशिम, माजा दीर, म्हनतो की भाभी, मान्य कर. येत्या जुम्म्याला मशिदीत गायबाना जनाजा पढू. मय्यत नसली तरी नमाज होते आमच्यात. बिचारा, त्याचा भाऊच तो. तो काय वाईट म्हनत नाय. पन नमाज झाली की मला विधवेची इद्दत बसायला लागेल. मग घराबाहेर पाय नाय. गाडीला हात नाय.”

“आणि तुम्हाला मान्य नाही.”

“मला म्हाईत नाय, गो. म्हाईत असतं तर कशाला आले असते?” तिने स्टेअरिंगच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. हात लावला नाही. “पावसाळा सपला नि हे जड व्हायला लागलं. मी रोज गाडी काढते आता. बाजारात काय काम नसलं तरी काढते. पुलावर चढताना माजी गाडी अजूनपन उजवीकडे जाते. मग डावीकडे ओढ लागते. मला इतकं बरं वाटतं... आनि घरी आले की मी मरते भीतीनं. कारन हात हितं हाय, तर मानूस कुठं हाय?”

सुरभी दारापाशी स्टूल ओढून बसली.

“रोह्यातल्या मिस्त्रीकडं गेले, तो म्हनला सगळं नवं टाकून बघू. मी नाय म्हनले. मग कोनीतरी सांगितलं, गडबला एक पोरगी हाय, ती मशीन लावून खरं सांगते. खोटं बोलत नाय.” सुगराचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. “तर तू सांग. बिघाड असला तर ते जिवंत हायत. मी हाशिमला नाय म्हनेन, वाट बघेन. बिघाड नसला तर... मी बसते इद्दत. रडायचं ते रडते एकदाचं. मला दोन्ही चालेल. फक्त खरं सांग.”

टॅबलेट सुरभीच्या हातात होता. रेघ अजून शून्याखाली होती. पाटीवरची अक्षरं शटरच्या पलीकडे होती, तरी ती आपल्याकडे बघताहेत असं तिला वाटलं.

इतक्या दुरून परत आल्यावर तिने एकच गोष्ट ठरवली होती : कळलेलं सांगावं, न कळलेलं सांगू नये. पण तिला नेमकं काय कळलं होतं? एक रेघ. रेघेवरून माणूस मेला असं कोणी म्हणतं का? आणि समोर एक बाई, तिचे गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले.

“बिघाड आहे,” सुरभी म्हणाली. “सेन्सर गेलाय, भाभी. डावीकडे खोटा पीळ दाखवतोय. होतं असं. दोन दिवस गाडी ठेवा, करून देते.”

सुगराने डोळे मिटले. तिच्या छातीतून असा आवाज निघाला, की तो सुटकेचा होता की दुसऱ्या कशाचा, ते सुरभीला सांगता आलं नसतं.

“सेन्सर,” ती म्हणाली. “बरं.”

आणि उतरून, वळूनही न बघता, हायवेवर रिक्षासाठी जाऊन उभी राहिली.

६

आता खोटं निस्तरायचं होतं. गाडी तशीच परत गेली असती तर पहिल्याच वळणावर सुगराला कळलं असतं. सुरभीने स्टेअरिंगचा दांडा सोडवला, पुसला, जसाच्या तसा बसवला. नवीन काही टाकण्यासारखं नव्हतंच. दाजीकाका बाकावरून बघत होता.

“काय निघालं गो?”

“सेन्सर.”

“मग नवा कुटं हाय?”

“पेणहून येतोय,” ती म्हणाली. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

गुरुवारी दुपारी ती गाडी घेऊन एकटी निघाली. सुगराच्या सवयीप्रमाणे तिने स्टेअरिंग एका हाताने धरलं, डावी बाजू मोकळी सोडली. टॅबलेट शेजारच्या सीटवर ठेवला होता. गडबपासून निडीपर्यंत काही झालं नाही. रेघ तिच्या हाताप्रमाणे हलत होती. तिला हसू यायला लागलं. इतकं शिकून आपण एका बाईच्या दुःखाला भुललो, असं ती मनात म्हणाली. रोहा जवळ आलं. कुंडलिकेचा पूल दिसायला लागला. पुलावर चढताना तिने मुद्दाम गाडी किंचित उजवीकडे जाऊ दिली.

ओढ लागली.

हलकी, सवयीची, न रागावलेली. गाडी आपल्या बाजूला परत आली. खारट, बंद जागेतल्या पाण्याचा वास गाडीत पसरला. खाली नदी होती, भरतीचं पाणी वर आलं असेल. सुरभीने पूल ओलांडला, पलीकडे कडेला गाडी उभी केली, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. रेघ शून्याखाली गेली आणि तिथे थांबली.

ती शेजारच्या सीटकडे बघू शकली नाही. टॅबलेटची काच तिच्या बाजूला कललेली होती, तिच्यात खिडकीचा उजेड पडला होता, आणि त्या उजेडाला मध्येच कशाची तरी कड होती. तिने समोरच बघितलं. रस्त्यावर एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या मांडत होती.

“अहमदभाई,” ती म्हणाली. आपला आवाज तिला मूर्खासारखा वाटला, तरी तो थांबला नाही. “तिला तुम्ही शिकवलंत. ती चालवते आता. मी तिला सांगितलंय की हा बिघाड आहे. उद्या तुमची नमाज होणार होती, ती माझ्यामुळे होणार नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे. पण तुम्ही असं अर्धवट धरून ठेवू नका. एक तर सोडा. नाहीतर पुरते घरी या.”

कोथिंबीरवालीने जुड्यांवर पाणी शिंपडलं.

रेघ हळूहळू वर आली. शून्यावर टेकली. आणि सपाट झाली.

सुरभीने काच खाली केली. मग तिने धीर करून डाव्या बाजूवर हात ठेवला. कव्हर उन्हाने तापलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी, कोणीतरी निरोप न घेता निघून जावं तसं तिला वाटलं.

७

“हलकी झाली गो! पिसासारखी!” गाडी अष्टमीत पोचवून सुरभी परतली, त्याच संध्याकाळी सुगराचा फोन आला. हाशिमला तिने सांगून टाकलं होतं : मशीननं सांगितलंय, नमाज नाय. हाशिम चिडला, मग गप्प झाला. फोन ठेवता ठेवता सुगरा म्हणाली, “पुलावर आज गाडी उजवीकडे गेली, ती गेलीच. समोरून टेम्पो. माजं मीच वळवलं.” आणि थोडं थांबून : “कोनीच नाय आता.”

सुरभीने काम सुरू ठेवलं. मन लावून केलं, तरी सेन्सर हा शब्द आला की तिच्या कानशिलाशी काहीतरी टोचायचं.

पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी, ऐन नमाजाच्या वेळेला, पांढरी गाडी आवारात आली. सुगरा चालवत होती. शेजारून एक माणूस उतरला. उंच, सावळा, पांढरा सदरा, तोंडभर हसू.

“हे,” सुगरा म्हणाली. तिचा चेहरा नवरीसारखा उजळलेला होता आणि ओठ थरथरत होते. “आले.”

दाजीकाका बाकावरून उठला. “अरे वा! कुटं होतात वो इतके दिवस? बायकोचा जीव टांगनीला लावून?”

“अडकलो होतो,” अहमद म्हणाला. “सोडलं मग.”

“बोट धरून ठेवलेली कुठल्या बंदरात,” सुगराने घाईने पुढे सांगितलं. “मोबाईल नाय, कागद नाय. आनि बघ ना, रोह्याला उतरायचं सोडून निडीलाच उतरले. तितून चालत आले घरी. मी म्हटलं, फोन तरी करायचा कोनाचा घेऊन! तर नुसते हसतात.”

अहमद नुसता हसला. सुरभीने चहा मागवला. त्याने कप हातात घेतला, निवेपर्यंत धरला आणि बाकावर ठेवून दिला. दाजीकाकाने विचारलं, जुम्म्याची नमाज पढून आलात का. अहमद म्हणाला, “आमची राहिली.”

दूर कुठल्याशा मशिदीतून खुतब्याचा, शुक्रवारच्या प्रवचनाचा, आवाज वाऱ्याबरोबर येत होता आणि तुटत होता. माणूस परत आलाय, सुरभी स्वतःला सांगत होती. काका त्याच्याशी बोलतोय. उन्हात त्याची सावली पडलीय. म्हणजे मी बोलले ते खरंच होतं. तो जिवंत होता, सेन्सर चुकला होता. निदान बरोबर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तो सुटकेचा भार होता.

“आता तुम्ही चालवा,” सुगरा त्याला म्हणाली. “माजे हात दुखले.”

अहमद वळसा घालून चालवायच्या जागी बसला. सुरभीची नजर सवयीने चाकावर गेली. माणूस बसला की छोटी गाडी त्या बाजूला बोटभर खाली दबते. गाडी दबली नाही.

स्प्रिंगा कडक असतील, ती म्हणाली. मनात.

सुगरा तिच्या अगदी जवळ आली. उजळलेला चेहरा तसाच होता, पण तिची बोटं सुरभीच्या मनगटात रुतली.

“एकदा मशीन लावून बघ गो,” ती हळूच म्हणाली. “माज्या समाधानासाठी.”

८

सुरभीने सॉकेटमध्ये खडा लावला. अहमद हसून बाजूला सरकला. त्याच्या अंगाला समुद्राचा वास होता. टगबोटीवरच्या माणसाच्या अंगाला असणारच.

“जरा फिरवा हां, स्टेअरिंग,” ती म्हणाली.

त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मोठे, कामाचे हात. त्याने चाक उजवीकडे फिरवलं, पुरतं, मग डावीकडे, पुरतं. जमिनीवर टायर करकरले. टॅबलेटवर, स्टेअरिंग किती फिरलं ते दाखवणारी रेघ डोंगरासारखी चढली आणि उतरली.

हाताच्या पिळाची रेघ शून्यावर होती. सपाट. एखाद्या रिकाम्या गाडीत असते तशी.

सुरभीने पुन्हा फिरवायला सांगितलं. तो पुन्हा फिरवत गेला, न कंटाळता, हसत. स्टेअरिंग फिरत होतं आणि फिरवणारं कोणी नव्हतं. तिने दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी मांडले. दोघांचं एकमत होतं.

तिने वर पाहिलं. सुगरा तिच्याकडेच बघत होती. टॅबलेटकडे नाही, तिच्या तोंडाकडे. मागच्या वेळी शटरमागे बसून तिने असंच पाहिलं होतं, आणि तेव्हा आपलं खोटं तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं असणार, हे सुरभीला आत्ता, या क्षणी समजलं. खरं सांग म्हणणारी बाई तेव्हा खरं ऐकून गेली होती. वळूनही न बघता.

“काय हाय?” सुगराने विचारलं. “बिघाड?”

नमाज राहून गेलेला एक माणूस स्टेअरिंगवर हात ठेवून वाट बघत होता. त्याला बोलावणारी सुरभीच होती. पुलाच्या पलीकडे, कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर, पुरते घरी या म्हणणारी.

“नाही, भाभी,” ती म्हणाली. “काही बिघाड नाही.”

सुगराने मान हलवली. सुरभीचं मनगट सोडताना तिने त्यावरून एकदा अंगठा फिरवला, लहान मुलाची समजूत घालावी तसा. मग ती डावीकडच्या सीटवर जाऊन बसली, पदरासारखी ओढणी आवरून घेतली, दार लावलं.

“येतो,” अहमद म्हणाला.

गाडी आवारातून निघाली. खडा सॉकेटमध्येच राहिला होता. सुरभीच्या लक्षात आलं तेव्हा तिने हाक मारली नाही. ती टॅबलेट घेऊन शटरपाशी उभी राहिली. इंजिनचे फेरे वाढत होते, वेग वाढत होता, स्टेअरिंग वळत होतं. आणि पिळाची ती रेघ शून्यावर पडून होती, निजल्यासारखी.

“भला मानूस वाटला,” दाजीकाका म्हणाला. “चहा तेवढा नाय प्यायला.”

हायवेला लागताना समोरून एक ट्रक आला. पांढरी गाडी किंचित उजवीकडे झुकली. झुकतच राहिली. 

आणि रेघ हलली.

थोडीशी. शून्याच्या खाली, डावीकडे. शेजारच्या सीटवरून हात लांबवून, जिथे घड्याळात नऊ वाजतात तिथे, सुगराने आपला हात नुसता टेकवला होता. तो हात श्वासाबरोबर वर-खाली होत होता. तो जिवंत होता, आणि तो सोडणार नव्हता.

गाडी आपल्या बाजूला परत आली, ट्रक निघून गेला. सुरभी रेघेकडे बघत राहिली, गाडी लांब जाऊन ती तुटेपर्यंत.